कानापुढची कळ: जबड्याच्या सांध्याचं दुखणं

कान दुखतो म्हणून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावं आणि त्यांनी तपासून ‘कानात काहीच नाही’ म्हणावं. दाढ ठणकते म्हणून डेंटिस्टकडे जावं, एक्सरे काढावा आणि दाढ अगदी धडधाकट निघावी. कुणी अर्धशिशी समजून वर्षानुवर्षं गोळ्या घेत राहतं. जबड्याचा सांधा दुखणाऱ्या माणसांची अशी फिरती ठरलेली. वेळ आणि पैसा जातोच. कधी चांगल्या दाढेचं रूट कॅनाल होतं, कधी ती उपटलीही जाते आणि दुखणं मात्र होतं तिथेच राहतं. हे टाळण्यासारखं आहे आणि त्यासाठी हा सांधा मुळात कसा चालतो ते समजून घ्यायला हवं.

कानाच्या भोकासमोर जो छोटा उंचवटा असतो, त्याच्या किंचित पुढे तर्जनीचं टोक ठेवा आणि तोंड सावकाश उघडा. बोटाखालून काहीतरी गोलसर पुढे सरकतं आणि मागे खळगा पडतो. तोच हा सांधा. खालच्या जबड्याचं गोल टोक कवटीच्या खोबणीत बसतं आणि दोघांच्या मध्ये कूर्चेची एक पातळ चकती असते, मधोमध बारीक आणि कडेला जाड. तोंड पहिलं दोन-अडीच सेंटिमीटर उघडेपर्यंत हे टोक बहुतेक जागच्या जागी फिरतं. जांभई द्यायची असेल किंवा वडापावचा मोठा घास घ्यायचा असेल, तर ते खोबणीतून निघून पुढच्या उतारावर घसरतं आणि चकतीही त्याच्याबरोबर पुढे जाते. एकाच सांध्यात फिरणं आणि घसरणं या दोन्ही हालचाली होतात. शिवाय खालचा जबडा हे एकच हाड, घरातल्या झोपाळ्यासारखं दोन्ही बाजूंना टांगलेलं. एका बाजूची कडी अडखळली की झोका तिरपा जातो, तसं एका बाजूचा सांधा आखडला की तोंड उघडताना हनुवटी त्या बाजूला वळते. आरशात बघितलं तर हे कुणालाही दिसतं.

कान आणि जबडा यांचं शेजारपण फार जुनं आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांत जबड्याचा सांधा दोन वेगळ्याच हाडांमध्ये असतो. सस्तन प्राण्यांच्या पूर्वजांमध्ये ती दोन हाडं हळूहळू लहान होत गेली, मधल्या कानात शिरली आणि आज आपण त्यांना हातोडी आणि ऐरण म्हणतो. जबड्यासाठी दुसरीकडे नवा सांधा तयार झाला. सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीच्या मॉर्गॅन्युकोडॉन नावाच्या चिचुंद्रीएवढ्या प्राण्याच्या अवशेषांत जुना आणि नवा असे दोन्ही सांधे शेजारी शेजारी दिसतात. कार्ल राइखर्ट या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १८३७ मध्ये भ्रूणांचा अभ्यास करून कानाच्या या हाडांचं जबड्याशी असलेलं नातं मांडलं, तेव्हा असा जीवाश्म कुणाच्या हाती नव्हता. मला हा शोध शरीरशास्त्रातल्या सर्वांत देखण्या शोधांपैकी एक वाटतो.

पण सांधा दुखला की कान दुखल्यासारखा वाटतो, त्याचं कारण आजच्या नसांमध्ये आहे. दात, जबड्याचा सांधा, चावण्याचे स्नायू, कानशील आणि कानाचा काही भाग या सगळ्यांची संवेदना ट्रायजेमिनल या एकाच मोठ्या नसेतून मेंदूकडे जाते. निरोप कोणत्या दारातून आला याबद्दल मेंदूची गल्लत होते. गालाच्या मागच्या भागातला मॅसेटर हा चावण्याचा जाड स्नायू आखडला, तर दुखतं दाढेत. कानशिलावरचा टेम्पोरॅलिस दमला, तर डोकं धरतं.

आणि बहुतेकांचा त्रास मुळात असतो तो या स्नायूंचाच. वरचे आणि खालचे दात एकमेकांना किती वेळ टेकावेत? चावणं आणि गिळणं मिळून दिवसभरात जेमतेम वीस मिनिटांच्या आसपास. बाकीचा सगळा वेळ ओठ मिटलेले असले तरी दातांत दोन-तीन मिलिमीटर फट असायला हवी. पण कॉम्प्युटरसमोर मान पुढे काढून बसलेला, ट्रॅफिकमध्ये दुचाकी चालवणारा किंवा परीक्षेचा अभ्यास करणारा माणूस तासन्‌तास दात आवळून असतो आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. हे वाचताना तुमचे दात टेकलेले आहेत का, एवढं आत्ता बघा.

झोपेत दात खाण्याची गोष्ट थोडी वेगळी. लहान मूल दात खायला लागलं की घरातली मोठी माणसं ‘पोटात जंत झालेत’ म्हणतात. याला भक्कम पुरावा नाही. झोपेतलं दात खाणं मेंदूतून येतं, झोपेतच मेंदू क्षणभर जागा होतो त्या सुमाराला, आणि बहुतेक मुलांमध्ये ते वयाबरोबर आपोआप कमी होतं. मोठ्यांमध्येही दात खाणाऱ्या प्रत्येकाचा जबडा दुखतोच असं नाही.

तोंड उघडताना कानाजवळ ‘कट्’ असा आवाज येतो म्हणून घाबरलेले लोक पुष्कळ भेटतात. चकती जागेवरून थोडी पुढे सरकलेली असते, तोंड उघडताना हाडाचं टोक तिच्याखाली परत शिरतं आणि त्याचा हा आवाज. दुखत नसेल, तोंड पूर्ण उघडत असेल आणि जबडा अडकत नसेल, तर या आवाजावर काहीही उपचार लागत नाही. ज्यांना कसलाच त्रास नाही अशांचे एमआरआय काढले, तरी सुमारे एक तृतीयांश लोकांत चकती सरकलेली दिसते. म्हणून ‘चकती सरकली आहे’ हा रिपोर्ट हातात पडला की लगेच धीर सोडू नये. आवाज एकाएकी बंद झाला आणि त्याच वेळी तोंड दोन बोटांपलीकडे उघडेनासं झालं, तर मात्र चकती पुढे अडकलेली असू शकते. तेव्हा लवकर दाखवावं. स्वतःची तीन बोटं उभी एकावर एक धरून पुढच्या दातांमध्ये घालता आली, तर तोंड साधारण पुरेसं उघडतं असं समजायला हरकत नाही.

या दुखण्यावरच्या उपचारांचा इतिहास वाचताना मन अस्वस्थ होतं. १९३४ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईस इथले कान-नाक-घसा तज्ज्ञ जेम्स कॉस्टन यांनी ११ रुग्णांच्या आधारे एक लेख लिहिला. दाढा पडल्या की जबडा मागे सरकतो, कानावर आणि नसांवर दाब येतो, त्यातून कानदुखी, चक्कर, डोकेदुखी होते असं त्यांचं म्हणणं. असा दाब शरीररचनेत बसत नाही, हे पुढे शरीरशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. तरीही ‘चावा बिघडला, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर नीट बसत नाहीत, म्हणून सांधा दुखतो’ ही कल्पना दंतवैद्यकात कित्येक दशकं घट्ट बसली. तिच्यापायी असंख्य लोकांचे चांगले दात घासले गेले, त्यांच्यावर कॅप बसल्या, तारा लागल्या. आजचा पुरावा चाव्याला फारच थोडा वाटा देतो.

त्याहून वाईट प्रकरण कृत्रिम चकत्यांचं. व्हायटेक या अमेरिकन कंपनीची टेफ्लॉनचा थर असलेली चकती १९८३ नंतर हजारो रुग्णांच्या जबड्यात बसवली गेली. चावण्याच्या जोराने तिचे बारीक कण सुटले, शरीराने त्यांच्यावर हल्ला चढवला आणि त्या धुमश्चक्रीत आजूबाजूचं हाड झिजत गेलं. काहींच्या बाबतीत कवटीच्या तळापर्यंत. १९९०-९१ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने ती परत मागवली. त्या रुग्णांतल्या अनेकांना, ज्यात बायका बहुसंख्य होत्या, नंतर एकामागून एक शस्त्रक्रिया सोसाव्या लागल्या. मूळ दुखण्यापेक्षा त्यावरचा इलाज महाग पडला. माझ्या मते जबडा दुखणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं: जो उपचार परत फिरवता येत नाही, त्याला लगेच हो म्हणू नये.

मग दुखणं नेमकं कुणाला होतं? अमेरिकेत ऑपेरा नावाच्या अभ्यासात जबडा न दुखणाऱ्या हजारो लोकांवर काही वर्षं लक्ष ठेवलं गेलं. वर्षाकाठी त्यांतल्या साधारण ४ टक्के लोकांना हे दुखणं नव्याने सुरू झालं. कुणाला होईल याचा अंदाज दातांच्या ठेवणीपेक्षा इतर गोष्टींवरून चांगला बांधता आला: आधीपासून कंबर, पोट, डोकं दुखत असणं, झोप बिघडणं, मनावरचा ताण. म्हणून पाठ, झोप आणि घरची काळजी यांबद्दल विचारणारे डॉक्टर विषय सोडून बोलत नसतात. आणि याचा अर्थ दुखणं ‘मनाचं’ आहे असाही नाही. वेदना खरी असते. ताण आणि अपुरी झोप तिचा आवाज वाढवतात.

२०२३ च्या डिसेंबरमध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जुनाट दुखण्यासाठी मार्गदर्शक सूचना आल्या. त्यांत ज्यांची जोरदार शिफारस केली आहे ते उपाय साधेच आहेत: आजाराची नीट माहिती आणि धीर देणं, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली जबड्याचे व्यायाम, स्नायूंवर हाताने दाब देऊन उपचार, मान-पाठीची बैठक सुधारणं आणि वेदनेशी जुळवून घ्यायला शिकवणारी मानसोपचार पद्धत. बोटॉक्सची इंजेक्शनं आणि सांधा सुईने धुऊन काढणं यांकडे कल नको असं त्या सुचवतात. चकती काढून टाकण्याला तर ठाम विरोध आहे. नाईट गार्डबद्दल, म्हणजे रात्री दातांवर चढवायच्या आवरणाबद्दल, अनेकांना वाईट वाटेल, पण जुनाट वेदनेवर त्याचाही भरवसा कमी निघाला. झोपेत दात झिजत असतील, तर दात वाचवायला तो उपयोगी पडतो, एवढं खरं.

घरी करायच्या गोष्टींत सगळ्यात फळ देणारी म्हणजे दात सुटे ठेवण्याची सवय. जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या मागे टाळूला हलकं टेकवायचं, ओठ मिटायचे, दात सुटे. जीभ तिथे असताना दात आवळणं अवघड जातं. मॉनिटरच्या कडेला, स्वयंपाकघरात ओट्यासमोर, मोबाईलच्या मागे एक रंगीत टिकली चिकटवून ठेवा. ती दिसली की जबडा तपासायचा. जीभ तशीच टेकवून तोंड आरशासमोर हळूहळू, सरळ रेषेत उघडायचं-मिटायचं, दिवसातून दोन-तीनदा. कोमट पाण्यात पिळलेला टॉवेल गालावर पंधरा-वीस मिनिटं ठेवला की आखडलेला स्नायू सैल होतो. दुखणं जोरात असेल त्या दिवसांत मऊ भात, खिचडी, उपमा. ऊस, चिक्की, कडक भाकरी आणि च्युइंगगम पुढे ढकलावं. पण महिनोन्‌महिने पातळच खात बसू नये, सांध्याला हालचाल हवी असते. जांभई आली तर हनुवटीखाली मूठ धरावी. रूट कॅनालसाठी तास-तासभर तोंड उघडं ठेवल्यावर अनेकांचं दुखणं सुरू होतं, तेव्हा डेंटिस्टला आधीच सांगून मध्ये मध्ये विश्रांती मागून घ्यावी. वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारून, थोडेच दिवस. बहुतेकांना एवढ्याने काही आठवड्यांत बरंच हायसं वाटतं.

काही वेळा मात्र जबडा दुखतो आणि सांध्याचा त्यात दोषच नसतो. जिना चढताना जबड्यात कळ येते आणि थांबल्यावर जाते, ती हृदयाची असू शकते. त्याबरोबर घाम, धाप किंवा छातीत दडपण असेल, तर तडक दवाखाना गाठावा. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला चावता चावता जबडा दमतो, कानशील हुळहुळतं, नजर अंधुक होते, तर तो रक्तवाहिनीचा दाह असू शकतो आणि उशीर झाला तर दृष्टी जाते. जखमेनंतर काही दिवसांनी दातखीळ बसायला लागली, तर धनुर्वाताचा विचार आधी.

आपल्याकडे आणखी एक कारण फार दिसतं आणि त्याबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. सुपारी, गुटखा, मावा आणि विदर्भातला खर्रा. सुपारीतल्या अरेकोलीनमुळे गालाच्या आतल्या अस्तराखाली तंतू साचत जातात, गाल चामड्यासारखा ताठ होतो. आधी तिखट झोंबायला लागतं, मग तोंड कमी कमी उघडतं. पोरगा ‘जबडा धरलाय’ म्हणून येतो आणि त्याच्या तोंडात दोन बोटंही जात नाहीत. मुंबईचे एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये भारतातल्या रुग्णांत या आजाराचं वर्णन केलं. हा आजार कर्करोगाकडे जाऊ शकतो आणि सुपारी एकटीसुद्धा, तंबाखूशिवायही, कर्करोगकारक आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण खर्रा घोटणारे ठेले दिसतातच. अशा तोंडाला शेक आणि जबड्याचे व्यायाम पुरत नाहीत. आधी सुपारी सुटली पाहिजे आणि तोंडाची तपासणी झाली पाहिजे.

शस्त्रक्रियेची खरोखर गरज पडते तीही सांगायला हवी. लहान मूल सायकलवरून किंवा जिन्यावरून हनुवटीवर पडतं. हनुवटीला टाके पडतात, जखम भरते, सगळे विसरतात. पण तो मार हाडातून वर जाऊन कानापुढे सांध्याजवळ हाड मोडू शकतो. मूल दुखतं म्हणून तोंड उघडत नाही, आतलं रक्त साकळून त्याचं हाड बनत जातं आणि काही महिन्यांत जबडा कवटीला चिकटतो. चमचा जात नाही, दात घासता येत नाहीत, हनुवटीची वाढ खुंटते, झोपेत श्वास अडतो. मग जोडलेलं हाड कापूनच काढावं लागतं आणि पुन्हा चिकटू नये म्हणून लगेच, दुखत असतानाही, तोंड उघडण्याचा व्यायाम महिनोन्‌महिने करून घ्यावा लागतो. मूल हनुवटीवर पडलं असेल, तर टाके घालणाऱ्या डॉक्टरांना कानापुढचा सांधाही तपासायला सांगा, आणि पुढचे काही आठवडे अधूनमधून त्याला ‘आ कर’ म्हणून त्याची स्वतःची तीन बोटं तोंडात जातात का ते बघा.