टॉन्सिल काढण्याचा सल्ला कुठून आला?

पोराचा घसा धरला, आवंढा गिळवेना, की आधी मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या. असं दर दोन महिन्यांनी होऊ लागलं की ‘काढूनच टाका ते टॉन्सिल’ असं कुणीतरी म्हणतंच.

हा सल्ला फार जुना आहे. सुश्रुतसंहितेत या आजाराला ‘तुण्डिकेरी’ म्हटलं आहे आणि पडजिभेच्या रोगासारखीच शस्त्रक्रिया सांगितली आहे. सोबत ताकीदही आहे: जास्त कापलं तर रक्तस्रावाने रोगी दगावेल. रोमन लेखक सेल्ससने बोटाने गाठ सोडवून काढायची रीत लिहून ठेवली. 1828 च्या सुमारास फिलाडेल्फियाच्या फिलिप फिझिक यांनी टॉन्सिल झटक्यात कापणारं गिलोटिनसारखं हत्यार आणलं. पुढे भूल सुधारली आणि विसाव्या शतकात पाश्चात्त्य देशांत या ऑपरेशनची लाटच आली. सांधेदुखीपासून अशक्तपणापर्यंत सगळ्याचं मूळ टॉन्सिलमध्ये शोधलं जाई.

1934 मध्ये न्यूयॉर्कमधल्या 1000 शाळकरी मुलांची पाहणी झाली. 611 जणांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते. उरलेली 389 मुलं डॉक्टरांना दाखवली. त्यांनी 174 जणांना ऑपरेशन सांगितलं. ज्यांना नको म्हटलं होतं ती 215 मुलं दुसऱ्या डॉक्टरांकडे नेली, तर त्यातल्या 99 जणांना ऑपरेशन! राहिलेल्या 116 पैकी तिसऱ्या फेरीत आणखी 51. सल्ला न मिळालेली मुलं उरली 65. हे आकडे वाचताना आजही पोटात कालवतं. निदान घशावरून नव्हे, सवयीवरून होत होतं.

पेनिसिलिन आलं आणि चित्र पालटलं. बहुतेक वेळा घसा विषाणूमुळे सुजतो, तिथे अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही. पण स्ट्रेप्टोकोकस जिवाणू असेल तर डॉक्टरांनी दिलेला कोर्स पुरा करायलाच हवा, नाहीतर संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा निकामी होऊ शकतात. आपल्याकडे हा धोका अजून टळलेला नाही.

ऑपरेशनचं आजचं गणित पिट्सबर्गच्या जॅक पॅरडाइज यांच्या 1984 च्या अभ्यासातून आलं: वर्षात 7 वेळा, किंवा सलग दोन वर्षं दरसाल 5, किंवा तीन वर्षं दरसाल 3 वेळा घसा धरला तर विचार करावा. झोपेत श्वास अडत असेल तर गोष्ट वेगळी. मात्र प्रत्येक खेपेची नोंद हवी, कारण नुसत्या आठवणीवर सांगितलेली संख्या पुढे लक्ष ठेवल्यावर बऱ्याचदा टिकत नाही, हेही त्यांनीच आधी दाखवलं होतं. ‘कितीदा झालं?’ या प्रश्नाला आपलं उत्तर बहुधा ‘सारखंच होतं हो’ असतं. कॅलेंडरवर तारीख आणि ताप लिहून ठेवला असेल, तर डॉक्टरांपुढे काहीतरी ठोस ठेवता येतं.