ओट्याखालचा इतिहास

स्वयंपाकघराचं काम काढलं की शोरूममध्ये पहिला प्रश्न येतो, "शेकर दाखवू की हँडललेस?" म्हणजे चौकटीचं दार की बिनमुठीचं; सुरुवातच दारापासून. खरं तर ओट्याखाली दार असतं, हेच आपल्याकडे काल-परवाचं आहे.

स्वयंपाक बसून व्हायचा तोवर सामानही बसल्या जागी हाताला लागेल असं असायचं. चुलीशेजारी कोनाडा, कोपऱ्यात उतरंड, भिंतीला मांडणी, दुधा-लोण्याला शिंकं. ऐपत असेल तर फडताळ, नाहीतर जाळीच्या दारांचं लाकडी कपाट. त्या कपाटाचे चार पाय पाणी घातलेल्या वाट्यांत उभे असत, मुंग्या चढू नयेत म्हणून. आजच्या मॉड्युलर, म्हणजे कारखान्यात तयार होणाऱ्या कपाटांनाही खाली प्लास्टिकचे पाय असतात, पण ते पाण्यापासून वाचायला. फरशी धुताना प्लाय भिजू नये म्हणून.

बाईला उभं केलं ते मुख्यतः गॅसनं. मुंबईत १९५५ साली बर्मा शेलनं घरगुती गॅस आणला. शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर ठेवायची, तर ओट्याला पर्याय नव्हता. ओटा म्हणजे उभे कडाप्पे आणि त्यांवर आडवा कडाप्पा. वर ग्रॅनाइट आला तो पुढे. खालचे खण उघडेच. एकात सिलिंडर, दुसऱ्यात तेलाचा डबा, तिसऱ्यात तांदळाची कोठी. पाहुणे यायचे असले की हे सगळं झाकायला स्प्रिंगच्या तारेवर ओवलेला फुलाफुलांचा पडदा.

युरोपात गोष्ट वेगळ्या वाटेनं गेली. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत घरांची टंचाई होती. फ्रांकफुर्ट शहरानं नगररचनाकार अर्न्स्ट माय यांच्या देखरेखीखाली हजारो घरं बांधायला घेतली आणि त्यांचं स्वयंपाकघर १९२६ साली व्हिएन्नाच्या मार्गारेटे शुटे-लिहोट्स्की या वास्तुविशारद बाईंनी आखलं. रुंदी १.९ मीटर, लांबी ३.४ मीटर. डोळ्यांसमोर नमुना होता रेल्वेच्या डायनिंग कारमधल्या चिंचोळ्या भटारखान्याचा. कुठलं काम कुठे करायचं, त्यात पावलं किती वाचतात, याचा हिशेब मांडून एकेक वस्तूची जागा ठरली. तांदूळ, साखर यांसाठी अ‍ॅल्युमिनियमचे छोटे खण होते. मुठीला धरून ओढायचे आणि थेट पातेल्यात ओतायचे. लाकूडकामाला निळसर हिरवा रंग, कारण त्यावर माश्या बसत नाहीत असा तेव्हाचा समज. सुमारे १०,००० घरांत हे स्वयंपाकघर बसलं. गंमत म्हणजे बाईंनी स्वतः तोवर कधी स्वयंपाक केलेला नव्हता, आणि हे त्यांनीच पुढे सांगितलं.

शेकर त्याहूनही जुनं. १७७४ साली इंग्लंडहून अमेरिकेत गेलेल्या एका ख्रिस्ती पंथाचं हे नाव. नक्षीकाम त्यांना वर्ज्य. दार करायचं तर चार पट्ट्यांची चौकट आणि मधे सपाट फळी. ही फळी चिकटवलेली नसे, चौकटीच्या खाचेत मोकळी बसवलेली असे. हवेतल्या दमटपणानं लाकूड फुगलं तरी दार वाकत नसे. म्हणजे साधेपणाच्या जोडीला सुतारकीची अक्कलही होती. आपल्याकडे मिळणारं शेकर बहुधा एमडीएफवर, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या फळीवर, मशीननं खोदलेलं असतं. चौकट नुसती दिसायला उरली, आणि तिच्या आतल्या काठावर फोडणीचा चिकट थर बसतो तो बसतोच. रोज कढईत मोहरी तडतडणाऱ्या घराला मी तरी सपाट लॅमिनेटच सुचवीन.

मॉड्युलरची शोरूमं गल्लोगल्ली होण्याआधी आपल्याकडे आली ती ट्रॉली. कडाप्प्याचा खण आधीच तयार होता. त्यातच दोन्ही बाजूंना भोकं पाडून चॅनल बसवायचे आणि स्टीलच्या सळ्यांची जाळी आतबाहेर सरकवायची. थाळ्यांची वेगळी, कपबशांची वेगळी, चमच्यांची सगळ्यात वर. लाकडाची पेटीच नाही, त्यामुळे वाळवीला खायला काही नाही आणि सिंक गळलं तरी फुगायला काही नाही. या जुगाडाला म्हणावं तसं श्रेय कुणी दिलेलं नाही.

मॉड्युलरनं कडाप्पा काढून प्लायची पेटी आणली. कारखान्यात आधीच भोकं पाडलेली, एका भोकापासून दुसरं ३२ मिलिमीटरवर. बिजागरीची वाटी ३५ मिलिमीटरची. मापं ठरलेली असल्यामुळे आज शेकर, उद्या अ‍ॅक्रिलिक, पेटी तीच. दार बदलणं सोपं, पेटी बदलणं नाही. म्हणून सिंकखालच्या पेटीला ७१० शिक्क्याचा, म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन प्लाय आहे का, हे दाराच्या रंगाआधी विचारायचं.

आमच्याकडे काम निघालं तेव्हा सासूबाईंनी बजावलं, "कडाप्पा फोडायचा नाही." शोरूमचा माणूस टेप घेऊन ओट्याखाली शिरला. साडेअठरा इंच, एकवीस, सव्वावीस, पुन्हा साडेअठरा. त्याच्या कॅटलॉगमध्ये ४५० आणि ६०० मिलिमीटर. तो उठला, गुडघे झटकले आणि म्हणाला, "ताई, ह्याला ट्रॉलीवालाच बोलवा."