युद्धातला बलात्कार ‘होतंच असतं’ असं कोणी ठरवलं?

जानेवारी १९९७ मध्ये टांझानियातल्या अरुशा शहरात, रवांडासाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणापुढे, ज्याँ-पॉल अकायेसूवरचा खटला सुरू झाला. रवांडातल्या ताबा परगण्याचा तो प्रमुख होता, आणि १९९४ च्या वंशसंहारात त्याच्या हद्दीत अल्पसंख्य तुत्सी समाजाची कत्तल झाली होती. आरोपपत्रात हत्या होत्या, छळ होता, पण बलात्काराचा उल्लेखसुद्धा नव्हता. साक्षीला आलेल्या एका बाईने कत्तलीची हकिगत सांगताना आपल्या लहान मुलीवर झालेल्या बलात्काराबद्दलही सांगितलं. तिघा न्यायाधीशांत नवनीथम पिल्ले या एकट्याच स्त्री होत्या. न्यायपीठाने तो धागा सोडला नाही, पुढे प्रश्न विचारले. दुसऱ्या एका साक्षीदार बाईनेही तसंच सांगितलं. जूनमध्ये आरोपपत्र बदलून त्यात बलात्काराचे आरोप घातले गेले. २ सप्टेंबर १९९८ च्या निकालात अकायेसू दोषी ठरला आणि बलात्कार हा वंशसंहाराचा भाग असू शकतो, असं एखाद्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने पहिल्यांदाच म्हटलं.

तोवर ही गोष्ट कोणाच्याच यादीत का नव्हती, हे समजून घ्यायला मागे जावं लागतं.

नियम नव्हते, असं नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६३ साली, लिंकनच्या सरकारने आपल्या सैन्यासाठी काढलेल्या लीबर संहितेत बलात्काराला थेट देहदंड सांगितला होता. पुढच्या आंतरराष्ट्रीय करारांची भाषा मात्र सौम्य होत गेली. १९०७ च्या हेग नियमांत ‘कुटुंबाच्या प्रतिष्ठेचा’ मान राखावा, एवढंच आलं. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराने बलात्काराचं नाव घेतलं, पण तो स्त्रीच्या प्रतिष्ठेवरचा हल्ला म्हणून. करारभंगाच्या सर्वांत गंभीर प्रकारांच्या यादीत त्याचं नाव नव्हतंच. जखम बाईच्या शरीराला आणि नुकसान मोजायचं अब्रूचं, अशी ही मांडणी. तिचा परिणाम फार क्रूर होता. जे गेलं ती अब्रू असेल, तर ते लपवणं हेच घरच्यांना शहाणपणाचं वाटतं, आणि बाईने बोलणं हा दुसरा अपराध ठरतो.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या न्यूरेंबर्ग न्यायाधिकरणाच्या सनदेत बलात्कार हा शब्द नाही. जपानी नेत्यांवरच्या टोकियोच्या खटल्यात चीनमधल्या नानजिंग शहरातल्या बलात्कारांचे पुरावे आले, पण जपानी सैन्याने ज्या हजारो स्त्रियांना लष्करी वेश्यागृहांत डांबलं, त्यांच्यासाठी त्या खटल्यात कोणालाही शिक्षा झाली नाही. त्यांच्यापैकी किम हाक-सुन १४ ऑगस्ट १९९१ रोजी सोलमध्ये जाहीरपणे बोलल्या, तेव्हा युद्ध संपून ४६ वर्षं झाली होती. त्यांच्यानंतर इतर देशांतल्या स्त्रियाही पुढे आल्या. १९७१ च्या युद्धानंतर बांगलादेश सरकारने अत्याचार झालेल्या स्त्रियांना ‘वीरांगना’ म्हटलं. हेतू सन्मानाचा होता, तरी अनेकींना घरची दारं बंदच राहिली, आणि स्वातंत्र्यसैनिक म्हणून सरकारी नोंद व्हायला २०१५ उजाडावं लागलं.

बोस्नियातल्या युद्धाने जगाला मान फिरवणं अशक्य केलं. फोचा गावात स्त्रियांना आणि मुलींना महिनोन् महिने घरांत, क्रीडागृहात कोंडून ठेवलं गेलं होतं. हेग इथल्या न्यायाधिकरणाने २२ फेब्रुवारी २००१ रोजी त्याबद्दल तिघा बोस्नियन सर्बांना शिक्षा सुनावली. बलात्कार हा मानवतेविरुद्धचा गुन्हा, आणि दोघांच्या बाबतीत गुलामगिरीचाही गुन्हा, असं त्या निकालाने ठरवलं. दरम्यान १९९८ च्या रोम संहितेत, म्हणजे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय स्थापणाऱ्या करारात, बलात्कारासोबत लैंगिक गुलामगिरी, सक्तीचं गर्भारपण, सक्तीची नसबंदी हे गुन्हे नावानिशी आले. २००८ मध्ये सुरक्षा परिषदेच्या ठराव १८२० ने लैंगिक हिंसा हे युद्धाचं डावपेची हत्यार असू शकतं, हे मान्य केलं. पुरुष आणि मुलगेही बळी ठरतात, हे परिषदेच्या ठरावात यायला मात्र २०१३ उजाडलं. त्यांच्या वाट्याची लाज वेगळी असते, तक्रार त्याहून दुर्मीळ.

इथवरचा इतिहास शिक्षेचा. प्रतिबंधाच्या दृष्टीने मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते अभ्यासकांनी विचारलेल्या एका प्रश्नाचं उत्तर: सगळेच सैनिक असं करतात का? राज्यशास्त्राच्या अभ्यासक एलिझाबेथ वुड यांनी दाखवलं की नाही. एल साल्वादोरच्या यादवीत सरकारी दलांनी बलात्कार केले, त्याच डोंगरांत लढणाऱ्या गनिमांनी ते फारच क्वचित केले. श्रीलंकेतल्या एलटीटीईने इतर अनेक अत्याचार केले, तरी नागरिक स्त्रियांवर बलात्कार विरळाच. दुसऱ्या अभ्यासक दारा के कोहेन यांनी १९८० ते २०१२ मधली ९१ यादवी युद्धं तपासली. माणसं पळवून, जबरदस्तीने भरती करणाऱ्या टोळ्यांत सामूहिक बलात्कार जास्त आढळले. एकमेकांना अनोळखी, घाबरलेल्या पोरांना एकत्र बांधण्याचा तो एक भयानक मार्ग होता. म्हणजे पुरुषांची वासना किंवा युद्धाचा गोंधळ ही कारणं पुरी पडत नाहीत. वरचा अधिकारी काय हुकूम देतो, कशाकडे काणाडोळा करतो, यावर पुष्कळ काही ठरतं. आणि जे ठरवता येतं, ते थांबवताही येतं.

निर्वासितांच्या छावण्यांमध्ये हे थांबवणं फार साध्या गोष्टींपाशी येऊन ठेपतं. संडासाला आतून कडी आहे का, वाटेवर दिवा आहे का, सरपणासाठी किती लांब जावं लागतं, शिध्याचं कार्ड कोणाच्या नावावर आहे. २००२ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या निर्वासित छावण्यांत मदत कर्मचारीच शिध्याच्या बदल्यात मुलींचं शोषण करत असल्याचे आरोप पुढे आले. त्यानंतर, २००३ मध्ये, संयुक्त राष्ट्रांनी स्वतःच्या माणसांसाठी कडक नियम काढले. अत्याचारानंतर ७२ तासांच्या आत एचआयव्ही प्रतिबंधक औषधं आणि १२० तासांच्या आत गर्भधारणा टाळण्याची गोळी मिळाली पाहिजे. चौकशी, कागद, पोलिसांचा दाखला यांत हे तास वाया जाऊ देणं म्हणजे तिला दुसऱ्यांदा वाऱ्यावर सोडणं आहे.

हिंसा बंदूकवाल्यांपुरती थांबत नाही. युद्धकाळातही पुष्कळ स्त्रियांना धोका घरातल्या पुरुषाकडून असतो, आणि तो युद्धानंतरही उरतो. म्हणून वस्तीत राहून करायच्या कामाला महत्त्व आलं. युगांडातल्या कंपालामध्ये ‘सासा’ या उपक्रमात वस्तीतलीच माणसं शेजाऱ्यांशी, दुकानदारांशी, पोलिसांशी सत्तेबद्दल बोलत राहिली: घरात ती कोणाकडे आहे, तिचा वापर कसा होतो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, उपक्रम झालेल्या वस्त्यांत जोडीदाराकडून होणारी मारहाण इतर वस्त्यांच्या सुमारे निम्मी आढळली, आणि अशी हिंसा चालते असं मानणाऱ्या स्त्री-पुरुषांचं प्रमाणही कमी होतं. हे काम वर्षानुवर्षं चालवावं लागतं. संघर्षग्रस्त भागात येणारा मदतीचा पैसा मात्र बहुतेकदा वर्षभराच्या, कधी काही महिन्यांच्या मुदतीने येतो.