कॅमेऱ्याच्या आधीच कुलूप

इंदूरच्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावर २०२४ पासून डिजीयात्रेमुळे चेहरा दाखवून आत जाता येतं. ऑफिसांमधली हजेरीची यंत्रंही आता अंगठ्याऐवजी तोंड बघायला मागतात. सोय आहे, नाही कशाला म्हणा? पण पासवर्ड फुटला तर दोन मिनिटांत बदलता येतो. चेहरा फुटला तर काय बदलणार?

‘आम्ही फोटो ठेवतच नाही’, असं यंत्र बसवणारे सांगतात. बऱ्याचदा ते खरंही असतं. चेहऱ्यावरून आकड्यांची एक माळ तयार होते आणि तीच साठवली जाते. गूगलच्या संशोधकांनी २०१५ मध्ये मांडलेल्या फेसनेट या चेहरे ओळखणाऱ्या प्रणालीत एका चेहऱ्याला १२८ आकडे पुरले. तरी निर्धास्त होऊ नये. अशा आकड्यांवरून मूळ चेहऱ्याशी मिळतंजुळतं चित्र पुन्हा उभं करता येतं. शिवाय माळ तयार होण्याआधी, क्षणभर का होईना, स्वच्छ फोटो यंत्राच्या मेमरीत असतोच.

हा क्षणच काढून टाकायचा, ही ऑप्टिकल एन्क्रिप्शनची कल्पना. कुलूप सॉफ्टवेअरमध्ये लावायचं नाही, प्रकाशालाच लावायचं.

१९९५ मध्ये फिलिप रेफ्रेजिए आणि बहराम जाविदी यांनी याची एक मूळ पद्धत मांडली. प्रकाश ही लाट आहे. ती किती जोरकस आहे हे डोळ्याला कळतं; ती कुठल्या टप्प्यावर आहे, म्हणजे तिची कला, डोळ्याला कळत नाही. चित्रावर एक पारदर्शक मुखवटा ठेवायचा, जो ठिकठिकाणी प्रकाशाची कला कशीही मागेपुढे करतो. पुढे भिंग, त्याच्या नाभीच्या प्रतलात तसाच दुसरा मुखवटा, मग पुन्हा भिंग. शेवटी उरतो नुसता ठिपक्यांचा कचरा. मुखवटा हीच इथली किल्ली; तो ५१२ × ५१२ चौकटींचा असेल तर किल्लीत २,६२,१४४ स्वतंत्र आकडे झाले. अंदाजाने ती लागणं अशक्यच. मात्र हे सगळं टिपायला लेसर आणि होलोग्राम लागतो. आमच्याकडे इंदूरला राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात लेसरला तोटा नाही, पण ऑफिसच्या दारात ट्यूबलाइटच असते.

साध्या उजेडासाठी म्हणून कॅमेऱ्याचं भिंगच काढून टाकतात आणि सेन्सरच्या समोर, अगदी जवळ, उंचसखल पृष्ठभागाचा पारदर्शक पत्रा बसवतात. उन्हात हौदाच्या तळाशी प्रकाशाची जाळी हलताना दिसते ना, तशी जाळी समोरचा प्रत्येक बिंदू सेन्सरवर पाडतो. चेहरा म्हणजे असे असंख्य बिंदू. सगळ्यांच्या जाळ्या एकमेकींवर पडतात आणि नाक-डोळे ओळखू येईनासे होतात. फोटो कधी निघतच नाही.

मग ओळख कशी पटते? माणसाला ती नुसती गिचमिड दिसली तरी माहिती तिच्यात शिल्लक असते. मुखवटा, म्हणजे इथे तो पत्रा, तोच असेल तर त्याच चेहऱ्याची गिचमिड दर वेळी साधारण सारखीच येते, आणि न्यूरल नेटवर्कला, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या प्रोग्रामला, थेट तिच्यावरच शिकवता येतं. कुलूप उघडायची गरज नाही.

दुखणंही नेमकं इथंच आहे. जो ठरलेला नियम नेटवर्कला उपयोगी पडतो, तोच चोरालाही पडतो. कॅमेऱ्यासमोर दूर एक बारीकसा दिवा धरा, मोबाइलच्या टॉर्चपुढे भोक पाडलेला कागदही चालेल. एकाच बिंदूची एकच जाळी सेन्सरवर उमटते, आणि ती जाळी म्हणजेच किल्ली! यंत्रातली कच्ची नोंद ज्याच्या हाती येते, त्याला पुढे साठवलेले चेहरे गणिताने सोडवता येतात. १९९५ ची पद्धतही अशीच रेषीय, म्हणजे प्रत्येक बिंदूचा परिणाम नुसता बेरजेत मिळवणारी. तिच्यावरचे असे हल्ले २००५-०६ पासून प्रसिद्ध झाले आहेत. त्यामुळे ‘फोडता न येणारं’ असं छापलेलं पत्रक दिसलं, तर मी तरी ते बाजूला ठेवीन.

उपाय म्हणजे मुखवटा बदलता ठेवणं. द्रवस्फटिकाच्या (एलसीडी) पडद्यावर तो हवा तेव्हा नवा रचता येतो. किल्ली फुटली तर पडद्यावरचा मुखवटा बदला आणि सगळ्यांची नोंदणी पुन्हा करा; पुढच्या नोंदींना जुनी किल्ली लागू पडत नाही. पण असे पडदे महाग, आणि नेटवर्कलाही नव्याने शिकवावं लागतं.

हे सगळं जमलं तरी लपतो तो चेहरा, माणूस नव्हे. अमुक जण सकाळी ९:४० ला आत आले, ही ओळ रजिस्टरमध्ये साध्या अक्षरांतच राहते. ती किती दिवस ठेवायची आणि कोणाला दाखवायची, याचं उत्तर भिंगात नाही. ते २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या अंमलबजावणीत शोधावं लागेल.