आरोग्यविमा योजनांचे गुणवत्ता मानांकन (अमेरिका)

आरोग्यविमा योजनेच्या कारभाराचा दर्जा त्रयस्थ संस्थेकडून तपासून घेण्याची अमेरिकेतील पद्धत. हे काम मुख्यतः 'नॅशनल कमिटी फॉर क्वालिटी अ‍ॅशुरन्स' (एनसीक्यूए) ही १९९० मध्ये स्थापन झालेली, वॉशिंग्टनमधील विना-नफा संस्था करते. 'युरॅक' ही याच क्षेत्रातील दुसरी संस्था. आपल्याकडे नॅक महाविद्यालयांना आणि एनएबीएच रुग्णालयांना मानांकन देते; तिकडे ते खुद्द विमा योजनेलाही मिळते. कारण तेथील योजना केवळ बिले भागवत नाही. कोणत्या डॉक्टरकडे जायचे, कोणत्या तपासणीला आधी मंजुरी लागेल, हेही बऱ्याच अंशी तीच ठरवते.

मानांकन घ्यावे अशी सर्व योजनांवर सरसकट सक्ती नाही. मात्र २०१० च्या आरोग्य सुधारणा कायद्याखालील सरकारी विमा बाजारात योजना विकायची, तर विमा कंपनीला ते मिळवावे लागते. गरिबांसाठीच्या 'मेडिकेड' कार्यक्रमात अनेक राज्ये ते मागतात, आणि कर्मचाऱ्यांचा विमा उतरवणाऱ्या मोठ्या कंपन्याही विचारतात. त्यामुळे 'ऐच्छिक' हा शब्द बराचसा कागदावरच राहतो.

एनसीक्यूएची तपासणी गुणवत्ता सुधारणा, सदस्यांच्या आरोग्याचे व्यवस्थापन, डॉक्टर-रुग्णालयांचे जाळे, उपचारांना मंजुरी, डॉक्टरांच्या पात्रतेची पडताळणी आणि सदस्यांचा अनुभव या अंगांनी होते. योजना आपली धोरणे, बैठकांची इतिवृत्ते व अहवाल ऑनलाइन सादर करते. परीक्षक ते वाचून शंका काढतात, खुलासे मागवतात आणि मग प्रत्यक्ष प्रकरणांच्या फायली उघडतात. नमुन्यातल्या पहिल्या ८ फायली निर्दोष निघाल्या तर तेथेच थांबायचे. एखादी चुकली तर उरलेल्या धरून ३० पर्यंत जायचे, असा संकेत आहे.

खरी कसोटी या फायलींतच लागते. समजा, एका सदस्याला एमआरआय नाकारला. मग नकार वैद्यकीय कारणावरून असेल तर तो योग्य पात्रतेच्या डॉक्टरने दिला का? तातडीची विनंती असेल तर ७२ तासांत कळवले का? पत्रात कोणत्या निकषावर नकार दिला ते सामान्य माणसाला कळेल अशा भाषेत लिहिले आहे का? अपील कसे करायचे ते सांगितले का? आणि अपील आले तेव्हा ते मूळ निर्णय देणाऱ्याकडे किंवा त्याच्या हाताखालच्या माणसाकडेच तर गेले नाही? थोडक्यात, मानांकित योजना नकार कमी देईल याची हमी कोणी देत नाही. नकार रीतसर मिळेल, इतकेच.

मानांकन ३ वर्षांसाठी असते. पहिल्या तपासणीत साधारण मागच्या ६ महिन्यांचे काम पाहतात, नूतनीकरणात २४ महिन्यांचे. म्हणूनच मुरलेले लोक पहिल्या खेपेपेक्षा नूतनीकरणाला जास्त धास्तावतात. परीक्षेच्या आदल्या रात्री वह्या पूर्ण करण्याची सोय तेथे नाही. दोन वर्षांपूर्वीची एखादी वार्षिक आढावा बैठक राहून गेली असेल, तर ती आता कशी भरून काढणार? बाहेरच्या संस्थेकडे सोपवलेल्या कामाचा जाबही योजनेलाच द्यावा लागतो.

कागदपत्रांच्या जोडीला निकालही मोजले जातात. त्यासाठी 'हेडिस' हा निर्देशकांचा संच आणि 'कॅप्स' हे सदस्यांचे सर्वेक्षण वापरतात. काही हेडिस निर्देशकांसाठी ४११ सदस्यांचा नमुना काढून त्यांचे केसपेपर वाचावे लागतात. रक्तदाबाचा निर्देशक पाहा. वर्षातली शेवटची नोंद १४०/९० पेक्षा कमी हवी. १३९/८९ चालते, नेमके १४०/९० चालत नाही. एकाच दिवशी अनेकदा रक्तदाब मोजला असेल तर वरचा आणि खालचा असे दोन्ही सर्वांत कमी आकडे घेतात, मग ते वेगवेगळ्या मोजण्यांतले का असेनात! नोंदच सापडली नाही तर रुग्ण नापास. हे केसपेपर वाचण्याचे काम बरेचसे भारतात होते. पुणे-मुंबईकडच्या आयटी पार्कांत बसून ते करणाऱ्यांना फेब्रुवारी ते मे हा 'हेडिस सीझन' म्हणून पाठ असतो. जूनच्या मध्यापर्यंत लेखापरीक्षित आकडे सादर व्हावे लागतात.

२०२० पूर्वी 'उत्कृष्ट', 'प्रशंसनीय' अशा श्रेणी मिळत. आता मानांकित, तात्पुरते मानांकित, नाकारलेले असे मोजके दर्जे असून त्याशिवाय ० ते ५ तारे दरवर्षी वेगळे जाहीर होतात.

निर्देशक कायमचे नसतात. हृदयविकाराच्या झटक्यानंतर बीटा-ब्लॉकर औषध दिले का, हा १९९० च्या दशकातला गाजलेला निर्देशक. जवळपास सर्वच योजनांचे प्रमाण ९० टक्क्यांपलीकडे गेल्यावर मोजण्यासारखे काही उरले नाही आणि २००७ मध्ये तो यादीतून काढून टाकण्यात आला.