आमचा बंटी व्हिज्युअल आहे

मागच्या वर्षी पालक सभेत एका आईने मला एक फाईल दाखवली. गुळगुळीत कागद, रंगीत पाय चार्ट, आणि मोठ्या अक्षरात लिहिलेलं की मुलगा 'व्हिज्युअल लर्नर' आहे. बोटांचे ठसे घेऊन, काही हजार मोजून काढलेला रिपोर्ट होता तो. बाईंचं म्हणणं एवढंच की सर, आमच्या बंटीला धडा वाचायला लावू नका, व्हिडिओ दाखवत जा, तो वाचून शिकणाऱ्यातला नाहीच. पोरगं पाचवीतलं. शेजारी उभं राहून जोरजोरात मान हलवत होतं, त्याच्या तर पथ्यावरच पडलं.

ठशांचं आधी उरकून टाकतो. बोटांच्या रेषांवरून बुद्धी ओळखणाऱ्या या डीएमआयटी टेस्टला शास्त्रीय आधार नाही असं इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीने २०१९ मध्येच जाहीर सांगितलंय. तो विषय संपला. पण ठसे बाजूला ठेवले तरी मूळ कल्पना उरतेच, की कुणी बघून शिकतं, कुणी ऐकून, कुणी हाताने करून, आणि शिक्षकाने ज्याला जे मानवेल तसं शिकवावं. ही कल्पना बाईंनी काही आकाशातून आणली नव्हती. मी स्वतः बीएडला ती शिकलोय, पेपरात लिहून मार्क मिळवलेत, आणि पाठ टाचणात 'अध्ययन शैली' असा रकाना आखून कित्येक वर्षं तो इमानदारीत भरलाय. त्यामुळे बाईंवर हसायचा मला काही हक्क नव्हता.

यातलं सगळ्यात गाजलेलं मॉडेल म्हणजे व्हार्क. न्यूझीलंडचे नील फ्लेमिंग आधी शाळा तपासनीस होते, शेकडो वर्गांत मागे बसून त्यांनी तास बघितले, आणि त्यांना कोडं पडलं की काही उत्तम शिक्षकांचं शिकवणं काही पोरांपर्यंत पोचतच नाही आणि काही यथातथा शिक्षकांचं मात्र पोचतं, असं का? त्यातून बघणं, ऐकणं, वाचणं-लिहिणं आणि करणं अशी चार खाती पाडली, प्रश्नावली बनली, १९९२ मध्ये त्यावर पेपर आला. पण व्हार्क एकटं नाही. २००४ मध्ये ब्रिटनमध्ये फ्रँक कॉफिल्ड आणि सहकाऱ्यांनी अशी मॉडेलं मोजायला घेतली तर तब्बल ७१ निघाली! ७१ प्रकारे माणसांची वर्गवारी, म्हणजे आपल्याकडच्या पत्रिका बऱ्या. आणि हो, मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांची १९८३ ची बहुविध बुद्धिमत्ता, म्हणजे बुद्धी एकच नसून अनेक प्रकारची असते ही थिअरी, यातच ढकलतात लोक, पण त्यांनी स्वतः २०१३ मध्ये लिहून सांगितलं की बाबांनो माझी थिअरी म्हणजे लर्निंग स्टाईल नव्हे.

आता खरा प्रश्न. पोरांना आवडीनिवडी असतात यात वादच नाही, विचारलं तर सांगतातच की मला चित्रं आवडतात. पण आवडीप्रमाणे शिकवलं तर जास्त शिकतात का? हे तपासायचं तर नुसतं 'व्हिडिओ दाखवला, पोरं खूश झाली' एवढ्याने भागत नाही. २००८ मध्ये हॅरोल्ड पॅशलर आणि आणखी तिघा मानसशास्त्रज्ञांनी नीट मांडलं की पुरावा कशाला म्हणायचं. 'बघणारी' पोरं घ्या, 'ऐकणारी' घ्या, दोन्ही गटांतली अर्धी अर्धी चिठ्ठ्या टाकून चित्राच्या वर्गात आणि अर्धी बोलण्याच्या वर्गात बसवा, आणि शेवटी सगळ्यांना एकच पेपर द्या. बघणारी चित्राच्या वर्गात सरस आणि ऐकणारी बोलण्याच्या वर्गात सरस, असा उलटसुलट निकाल आला तरच थिअरी खरी. कारण चित्राने सगळ्यांनाच फायदा होत असेल तर मग सगळ्यांनाच चित्र दाखवा ना, शैली कशाला शोधत बसायची? या चौघांनी संशोधनाचा ढीग उपसला तेव्हा मुळात अशा पद्धतीने केलेले अभ्यासच जेमतेम सापडले, आणि त्यातलेही बरेच थिअरीच्या विरोधात जाणारे.

नंतर लोकांनी मुद्दाम तसे प्रयोग केले. २०१५ मध्ये अमेरिकेत बेथ रोगोव्स्की आणि सहकाऱ्यांनी मोठ्या माणसांना एकाच पुस्तकातला भाग कुणाला ऐकायला, कुणाला वाचायला दिला, लगेच आणि दोन आठवड्यांनी परीक्षा घेतली. शैलीशी जुळलं काय आणि नाही जुळलं काय, काहीच फरक नाही. मग २०२० मध्ये पाचवीच्या पोरांवर केलं, तिथे गंमत अशी झाली की 'बघणारी' पोरं वाचून समजण्यातही पुढे आणि ऐकून समजण्यातही पुढे! म्हणजे 'ऐकणारा' म्हणून ज्याला वाचनातून सुटका द्यायची त्यालाच खरं तर वाचनाची जास्त गरज. बंटीच्या फाईलचं मला तेव्हाच टेन्शन आलं.

तरी २०१२ च्या एका पाहणीत ब्रिटनमधल्या ९३ टक्के शिक्षकांना हे पटत होतं, नेदरलँड्समध्ये ९६ टक्के. इतक्या अनुभवी माणसांना पटतं, कारण ते आतून खरं वाटतं. आपल्या आवडीच्या प्रकारात माहिती आली की 'समजलं बुवा' असा कॉन्फिडन्स वाढतो, आठवतं मात्र तेवढंच. शिवाय शाळेत आपण लक्षात ठेवतो तो बहुतेक अर्थ असतो, चित्र किंवा आवाज नव्हे. तुमच्या घरच्या गणपतीची सोंड डावीकडे की उजवीकडे असं विचारलं तर डोळ्यांपुढे मूर्ती आणावी लागते, आरतीची चाल आठवायची तर कानात वाजवावी लागते, पण पाऊस का पडतो याचं उत्तर सांगताना ते तुम्ही पुस्तकात वाचलं होतं की बाईंनी फळ्यावर काढून दाखवलं होतं, आठवतं तरी का?

माझे आजोबा पावकी, निमकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे घडाघडा म्हणायचे, म्हणजे ऑडिटरी, ऐकून शिकणारे झाले. तेच आजोबा खळ्यावर पायलीने धान्य मापायचे, म्हणजे कायनेस्थेटिक, हाताने करून शिकणारे. आणि सातबारा डोळ्यांत तेल घालून वाचायचे. काय रकाना भरायचा त्यांचा?

म्हणून टाचण काढताना मी आता पोराची शैली बघत नाही, त्या घटकाला काय लागतंय ते बघतो. नकाशा बघायलाच लागतो, वर्गातल्या सगळ्यांना. भुजंगप्रयात वृत्त कानावर पडल्याशिवाय आणि टाळी मारून म्हटल्याशिवाय कुणालाच कळत नाही, 'ल गा गा' नुसतं फळ्यावर लिहून काय होणार. चित्र आणि त्याबरोबर बोलणं असं दोन्ही मिळालं तर बहुतेक सगळ्यांनाच जास्त कळतं, फक्त एक करू नका, पीपीटीवरचं वाक्य शब्दन् शब्द वाचून दाखवू नका, रिचर्ड मायर यांच्या प्रयोगांत त्याने उलट नुकसानच दिसलंय. आणि ज्याला फळा दिसत नाही त्याला चष्मा, पुढचा बाक, ब्रेल, जे लागेल ते द्यायलाच हवं, पण ती गरज आहे, त्याला शैली म्हणू नका.

पोरापोरांत फरक नाहीत असं मी म्हणतच नाहीये. फरक प्रचंड आहेत, पण सगळ्यात मोठा फरक आधी काय येतं आणि काय येत नाही यात असतो. प्रथम संस्थेचा मुंबई आणि वडोदऱ्यातला बालसखी कार्यक्रम याच पायावर उभा होता. तिसरी-चौथीतली मागे राहिलेली १५-२० पोरं रोज सुमारे दोन तास वेगळी बसायची आणि त्यांना जिथून अडलंय तिथून शिकवलं जायचं. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो या अर्थतज्ज्ञांनी २००१ ते २००३ मध्ये तो तपासला तेव्हा पोरांचे मार्क खरोखर वाढलेले दिसले. अक्षर ओळखणारं, शब्द वाचणारं, परिच्छेद वाचणारं, गोष्ट वाचणारं असे गट पुढे यातूनच घराघरात, आय मीन शाळाशाळांत पोचले.

माझ्या वर्गातलं सांगतो. अपूर्णांकांची तुलना घ्यायची होती. आदल्या दिवशी प्रत्येकाला अर्धा कागद दिला, १/३ मोठा की १/४, चित्र काढून सांगा. घरी जेवणं झाल्यावर कागद वाचत बसलो आणि आपोआप तीन गठ्ठे पडले. बरोबर आणि कारणासकट लिहिणारे थोडे. 'चार मोठा म्हणून १/४ मोठा' वाले निम्म्याहून जास्त, हा गठ्ठा दरवर्षी ठरलेला. आणि तिसऱ्या गठ्ठ्यात चारपाच कागद, त्यात बंटीचा. बंटीचं चित्र वर्गात सगळ्यात सुंदर, खरपूस डागांसकट दोन भाकऱ्या, पण तीन भाग केलेली भाकरी छोटी आणि चार भाग केलेली परातीएवढी! आणि खाली निकाल, १/४ मोठा. त्याच्या चित्रात तो खरंच मोठा होता. व्हिज्युअल पोराला चित्रानेच फसवलं, आता त्याला आणखी व्हिडिओ दाखवून मी काय करणार होतो?

मग तास त्या गठ्ठ्यांवरून आखला. सगळ्यांना एकाच लांबीच्या दोन पट्ट्या. चारची घडी पोरं डोळे झाकून घालतात, तीनची घालताना मात्र जाम तारांबळ उडते, एक भाग हमखास लहान येतो आणि पुन्हा उघडून पुन्हा दुमडायला लागतं, त्या झटापटीतच 'भाग सारखे पाहिजेत' हे बोटांना कळतं. बंटीच्या चारपाच जणांना मी मुद्दाम लांबी वेगळी असलेल्या पट्ट्या दिल्या आणि भांडू दिलं. बरोबरवाल्यांना २/३ आणि ३/४ देऊन बाजूला लावलं. शेवटची सात मिनिटं वही बंद, सगळ्यांनी लिहून सांगायचं, चित्र न काढता. कारण वाचण्यापेक्षा आठवून लिहिणं टिकतं. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५, पण आठवड्याने वाचणाऱ्यांना ४२ टक्केच आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६.

आम्हीही आठवड्याने पुन्हा तोच अर्धा कागद दिला. 'चार मोठा' वाले पूर्ण संपले नव्हते, सातआठ उरलेच, त्यांच्यासाठी पुढच्या सोमवारी परत पट्ट्या कापायच्या आहेत. बंटीने यावेळी भाकरी काढली नाही. वेलांट्या सगळ्या चुकवून लिहिलं होतं, 'आदी भाकऱ्या सारक्या आहेत का ते सांगा सर.'