रेणुका शहाणे आणि आठवड्याला एकदा येणारा टीव्ही

आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या माणसासमोर रेणुका शहाणे हे नाव घेतलं की त्याला आधी ते हसू आठवतं आणि लगेच पोस्टकार्डांचा ढीग. 'सर्कस', 'सैलाब', 'कोरा कागज' या मालिका बहुतेकांना मागाहून आठवतात. अभिनेत्री म्हणून त्यांनी केलेलं काम थोडं नाही. तरी त्या घराघरांत पोचल्या त्या 'सुरभि'च्या सूत्रसंचालक म्हणून. ही दोन्ही कामं एकाच माणसाला बरोबरीने करता आली, याचं श्रेय त्यांच्या गुणांइतकंच त्या काळच्या टीव्हीच्या वेळापत्रकालाही द्यावं लागेल.

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालं, तेव्हापासूनच निवेदन आणि अभिनय ही शेजारशेजारची घरं होती. स्मिता पाटील सिनेमात येण्याआधी इथे मराठी बातम्या देत. जीन्सवरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसत, असं सांगतात. बालकलाकार म्हणून नाव झालेल्या तबस्सुम 'फूल खिले हैं गुलशन गुलशन'मध्ये कलाकारांच्या मुलाखती घेत. 1984 साली 'हम लोग' आली. हिंदीतली ही पहिली मोठी कौटुंबिक मालिका, आणि तिच्यातही भाग संपला की अशोककुमार येऊन प्रेक्षकांशी दोन शब्द बोलत. त्यामुळे कथा सांगणारा आणि कथेत वावरणारा यांच्यात आपल्या टीव्हीने फार कडक भिंत कधी घातलीच नाही.

रेणुका शहाणे या वातावरणात आल्या. लेखिका-अनुवादक शांता गोखले यांची ही मुलगी मुंबईत सेंट झेवियर्समध्ये शिकली. 1989च्या 'सर्कस'मध्ये त्या शाहरुख खानसोबत होत्या. अझीझ मिर्झा आणि कुंदन शाह यांच्या या मालिकेत आशुतोष गोवारीकर, मकरंद देशपांडे, पवन मल्होत्रा अशीही मंडळी होती. पुढे ज्यांच्या नावावर सिनेमे चालले किंवा ज्यांनी सिनेमे केले, त्यांतली बरीच माणसं त्या एका तंबूत सापडतात.

मग 'सुरभि'. सिद्धार्थ काक यांच्या सिनेमा व्हिजन इंडिया या संस्थेचा हा कार्यक्रम 1990 साली दूरदर्शनवर सुरू झाला. शीर्षकसंगीत एल. सुब्रमण्यम यांचं आणि बराच काळ प्रायोजक अमूल. विषय म्हणाल तर आजच्या कुठल्याही चॅनेलच्या मीटिंगमध्ये पहिल्या पाच मिनिटांत बाद व्हावेत असे: कुठल्याशा गावातली हस्तकला, लोककला, जुनं मंदिर, एखादा विस्मरणात गेलेला कारागीर. हे सगळं बघायला लोक बसत, कारण ते सांगणाऱ्या दोघांच्या बोलण्यात शिकवणीचा सूर नव्हता. काक माहिती देत आणि शहाणे कुतूहलाने ऐकत, विचारत, हसत. ते कुतूहल खरं वाटायचं. सूत्रसंचालनात ऐकण्याचं काम बोलण्याइतकंच अवघड असतं, आणि त्या बाबतीत त्यांच्या तोडीचं कुणी मला तरी त्या काळात दिसत नाही.

शेवटी प्रश्न विचारला जाई आणि उत्तरं पोस्टकार्डावर मागवली जात. 1993 साली एका आठवड्यात 14 लाखांहून जास्त पत्रं आली. विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या लिम्का बुकात त्याची नोंद झाली. पोस्टकार्ड तेव्हा 15 पैशांना मिळे. म्हणजे 14 लाख कार्डांचे पोस्टाला मिळाले जेमतेम दोन लाख रुपये, आणि त्यासाठी देशभरातून पोतीच्या पोती मुंबईला वाहून आणायची. गरिबाला खुशाली कळवता यावी म्हणून मुद्दाम तोट्यात विकलं जाणारं कार्ड स्पर्धेसाठी वापरलं जाऊ लागलं, तेव्हा टपाल खात्याने स्पर्धांसाठी वेगळं, दोन रुपयांचं पोस्टकार्ड काढलं. टीव्हीवरच्या कार्यक्रमामुळे सरकारी खात्याला नवा दर लावावा लागल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

'सुरभि' चालू असतानाच ऑगस्ट 1994 मध्ये 'हम आपके हैं कौन' आला. त्यातली जिन्यावरून पडून दगावणारी सोज्वळ वहिनी रेणुका शहाणेंनी केली होती. आधीच कुणाच्याही घरात शोभेल असा चेहरा; त्यावर आता 'भाभी'चा शिक्का पक्का बसला. टीव्हीवरच्या विश्वासार्हतेची ही किंमत असते. प्रेक्षक तुम्हाला आपलं मानतात आणि मग तुम्ही काही वेडंवाकडं करायची त्यांची तयारी नसते.

म्हणून 'सैलाब' महत्त्वाची. रवी राय यांची ही मालिका 1995 पासून झी टीव्हीवर लागायची; शीर्षकाला जगजितसिंग यांची गझल. शिवानी आणि रोहित यांचं प्रेम घरच्यांमुळे तुटतं, दोघांची लग्नं दुसरीकडे होतात आणि नंतर ते पुन्हा समोरासमोर येतात. रोहितच्या भूमिकेत सचिन खेडेकर होते. हिंदी मालिकेतले नायक-नायिका दोघेही मराठी होते, पण त्याचा गाजावाजा कुणी केला नाही. लग्न झालेल्या बाईच्या मनात दुसरा पुरुष आहे, हे त्या मालिकेने ना तिला खलनायिका ठरवून दाखवलं ना रडगाणं गाऊन. शहाणेंनी इथे हसू बाजूला ठेवलं आणि बरीच दृश्यं नुसत्या गप्प राहण्यावर तोलली. नंतर आशा पारेख यांच्या 'कोरा कागज'मध्येही त्यांच्या वाट्याला असंच अवघड नातं आलं. समोर होता सलिल अंकोला, सचिन तेंडुलकरसोबत कराचीत कसोटी पदार्पण केलेला.

हे सगळं जमलं, कारण मालिका आठवड्याला एकदा येई. महिन्याचे चार-पाच भाग चित्रित केले की उरलेल्या दिवसांत दुसरं काम करता येई. तसं पाहिलं तर दूरदर्शनने 1994 सालीच 'शांति'पासून रोजच्या मालिकेचा पायंडा पाडला होता, पण सगळं चित्र बदललं ते 3 जुलै 2000 रोजी. त्या एकाच दिवशी स्टार प्लसवर 'कौन बनेगा करोडपती' आणि 'क्योंकि सास भी कभी बहू थी' सुरू झाले. पहिल्याने सूत्रसंचालकाची खुर्ची सिनेमाच्या महानायकाला दिली. दुसऱ्याने नटाचे महिन्याचे सगळे दिवस एका सेटवर बांधून टाकले: बारा-तेरा तासांची शिफ्ट, आणि भागांची 'बँक', म्हणजे आधीच चित्रित करून ठेवलेला साठा, नसेल तर आज शूट केलेलं उद्या प्रक्षेपणाला. मधल्या काळात स्टार प्लसवर गेलेली 'सुरभि' 2001 साली, चारशेहून जास्त भाग झाल्यावर थांबली.

दोन्ही कामं करणारे नंतरही झाले, पण बहुधा आधी एक मग दुसरं असं. 'शांति'ची मंदिरा बेदी 2003च्या विश्वचषकात क्रिकेटच्या स्टुडिओत दिसली. आपल्याकडे आदेश बांदेकर 2004 साली 'होम मिनिस्टर' घेऊन निघाले आणि अठरा वर्षं 'भावोजी'च राहिले. शहाणेंच्या जातकुळीतलं जवळचं नाव पल्लवी जोशी यांचं: मालिका, 'अंताक्षरी', मग मराठी 'सारेगमप लिटिल चॅम्प्स'.

रोजच्या मालिकांच्या धबडग्यात रेणुका शहाणे फारशा शिरल्या नाहीत. 2009 साली त्यांनी आईच्या 'रीटा वेलिणकर' या कादंबरीवर 'रीटा' हा मराठी चित्रपट दिग्दर्शित केला आणि मुख्य भूमिका पल्लवी जोशींना दिली. 2021चा 'त्रिभंग' त्यांनीच लिहिला. त्यातली आई लेखिका आहे, आणि आई, मुलगी, नात अशा तिघी बायकांपैकी एकीलाही आदर्श बनवायचा मोह त्यांनी होऊ दिलेला नाही. 2025च्या 'दुपहिया' या वेबमालिकेत त्या गावच्या सरपंच झाल्या आहेत. एका सीझनचे मोजके भाग, शूटिंग उरकलं की मोकळं. 'सैलाब'च्या वेळी होतं, जवळपास तसंच.